चार नंबरचा माईक

१

"यंदा गायनाचं कोणाला?"

जानेवारी लागला की हा प्रश्न मला दिवसातून दहा वेळा ऐकावा लागायचा. सभागृहाच्या जिन्यात, चहाच्या टपरीवर, एकदा तर मी शिडीच्या टोकावर, दोन्ही हातांत वायर आणि दातांत पक्कड धरून उभा असताना. मी माईकवाला. वायरी ओढायच्या, आवाज कमीजास्त करायचा, नाटक संपलं की वायरी गुंडाळायच्या, एवढंच माझं काम. नववीत शाळा सुटली तेव्हापासून मी बिबवेवाडीतल्या मच्छिंद्रशेठच्या साउंड सर्व्हिसमध्ये आहे. चार माणसांसमोर बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते. अशा माणसाला गाठून लोक बक्षिसांचे अंदाज विचारत होते.

मंडईच्या मागच्या बाजूला रंगवैभव मंडळाचं जुनं सभागृह आहे. तिथे दर जानेवारीत संगीत नाटकांची स्पर्धा व्हायची. संध्याकाळी सभागृह कॉम्प्युटर क्लासवाल्यांच्या समारंभांना दिलेलं असायचं, म्हणून स्पर्धेची नाटकं दुपारी दोनला. बारा नाटकं, तीन आठवडे आणि शेवटच्या रविवारी निकाल. दुपारी दोनला संगीत नाटक बघायला पेन्शनरांशिवाय कोण येणार? कोथरूडहून बसनं आठ जणांची टोळी यायची. तात्याराव त्यांचे म्होरके. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, आणि ते अजून मान्य नसलेले.

या मंडळींचा एक रिवाज होता. शेवटचं नाटक संपलं की प्रत्येकानं सगळ्या बक्षिसांचे अंदाज कागदावर लिहायचे, पाकिटात घालून पाकीट चिकटवायचं, आणि निकालानंतर सगळ्यांसमोर फोडायचं. ज्याचे अंदाज जास्त बरोबर, त्याला पुढचं वर्षभर बसमध्ये खिडकीची जागा. तात्यारावांना ती कधीच मिळाली नव्हती.

पाकिटं सांभाळायला तटस्थ माणूस हवा, म्हणून ती माझ्याकडे. "याच्याकडे ठेवा," तात्याराव माझ्यासमोरच म्हणाले होते. "याला यातलं काही कळत नाही."

दोन हजार एक साली त्यांच्यातले एक आजोबा आजारी पडले आणि एक पाकीट उरलं. "तू लिही," तात्याराव म्हणाले. "पाकीट वाया जायला नको." मी फक्त गायनाची दोन बक्षिसं लिहिली. पुरुषांत माधव, स्त्रियांत हेमा. दोन्ही बरोबर आली. पुढच्या वर्षी दोन्ही. त्याच्या पुढच्या वर्षीही.

"गाणं शिकलायस का रे?" तात्यारावांनी विचारलं.

"नाही."

"घरात कोणी?"

"ताई गाते."

"मग तुला कळतं कसं?"

"कानावर पडतं ते लिहितो," मी म्हणालो. हे इतकं खरं होतं की त्यांना ते उद्धटपणाचं वाटलं.

२

कानावर काय पडायचं ते आता सांगतो.

मंडळ प्रत्येक नाटकाचं रेकॉर्डिंग ठेवतं. तीन माईक रंगमंचाच्या कडेला. चौथा बाल्कनीच्या कठड्याला, खालून शिडी लावून बांधलेला, प्रेक्षकांकडे तोंड करून. तो फक्त टाळ्यांसाठी. बाल्कनी मी कामाला लागलो त्याच्या आधीपासून बंद आहे. छताचा गिलावा पडला म्हणून कुलूप लावलं, आणि पुढचं काही झालं नाही.

संगीत नाटकात एखादं पद रंगलं की प्रेक्षक "वन्स मोअर" म्हणून ओरडतात आणि नट तेच पद पुन्हा गातो, हे सगळ्यांना माहीत आहे. स्पर्धेत मात्र त्याला मनाई. अडीच तासांत नाटक संपलं पाहिजे. विंगेजवळ मंडळाचा एक माणूस घड्याळ घेऊन बसतो. वर गेलेल्या प्रत्येक मिनिटाला गुण कापतात. त्यामुळे पेन्शनर मांडीवर थाप मारून गप्प बसतात आणि मध्यंतरात नियमाला शिव्या घालतात.

तर पहिल्या वर्षी हेमाबाईंचं पद संपलं. शेवटचा स्वर अजून हवेत होता, टाळ्या पडायच्या होत्या. तेवढ्यात माझ्या हेडफोनमध्ये, चार नंबरच्या माईकमधून कोणीतरी म्हणालं, "वन्स मोअर."

ओरडून नाही. पंगतीत बसलेला सभ्य माणूस वाढप्याला "थोडी आमटी" म्हणतो ना, तसं. पुरुषाचा आवाज, साठीच्या आसपासचा. मला रागच आला. नियम माहीत नाही का, म्हणून मी मान वर करून पाहिलं. एकाही प्रेक्षकानं मागे वळून बघितलं नव्हतं. सभागृहात तो आवाज कोणालाच आला नव्हता.

हेमाबाई मात्र वर बघत होत्या. बाल्कनीकडे. मग टाळ्या पडल्या आणि नाटक पुढे गेलं.

त्यानंतर दर वर्षी तो आवाज दोनदा यायचा. एका बाईला आणि एका पुरुषाला. मी ती दोन नावं कागदावर लिहायचो. परीक्षक तीच नावं जाहीर करायचे. माझी हुशारी ती एवढीच.

३

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्या घरातला नाही. आमच्याकडे असली भाषा कोणी काढली तर आई ताट उचलून आत नेते. त्यामुळे मी कारण शोधत राहिलो.

पहिलं कारण मच्छिंद्रशेठनी दिलं. टेप बरेच दिवस गुंडाळून पडली की एका थरावरचा आवाज शेजारच्या थरावर पुसट उमटतो. गाणं सुरू व्हायच्या आधीच गाण्याची सावली ऐकू येते. ठीक. पण सावली असली तर मूळ आवाजही कुठेतरी हवा. मी अख्खी टेप ऐकली. मूळ कुठेच नव्हतं. शिवाय मी तो आवाज टेपवर नाही, हेडफोनमध्ये ऐकला होता, हे शेठना सांगायचं राहिलं.

दुसरं, पोलिसांचा वायरलेस. माईकच्या वायरीत कधीकधी घुसतो. पण पोलीस वन्स मोअर कशाला म्हणतील?

दोन हजार तीनला मंडळानं कॉम्प्युटर घेतला. तो लावायला तात्यारावांचा नातू अर्णव आला. हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये होता. त्यानं चार माईकच्या चार वेगळ्या पट्ट्या केल्या. कोणत्या माईकमधून काय आलं ते पडद्यावर वेगवेगळं दिसायचं. त्यानं बक्षिसांसाठीही एक तक्ता केला होता: कोणत्या संस्थेला पूर्वी काय मिळालं, कोणता परीक्षक कोणत्या रागावर खूश होतो, असं सगळं.

"आजोबा, अंदाज म्हणजे डेटा," तो म्हणाला.

"तुझा डेटा मला खिडकी देईल का?" तात्यारावांनी विचारलं.

दिली नाही. अर्णवचे सगळे अंदाज चुकले. माझे दोन बरोबर आले, आणि कॉम्प्युटरवरच्या चौथ्या पट्टीवर तो आवाज स्वच्छ उमटला. तिथे टेप नाही, थर नाहीत, सावली नाही.

तेव्हा मी व्यवस्थापकाकडून किल्ली मागून बाल्कनीत गेलो. दुपारी बाराचं ऊन झरोक्यातून आत येत होतं. वर खुर्च्या नव्हत्या. सगळ्या काढून नेलेल्या. फरशीत नुसते बोल्ट, आणि त्यांच्यावर बोटभर धूळ. धुळीत माझ्याखेरीज कोणाचं पाऊल नव्हतं. बसायलाच जागा नाही म्हटल्यावर मला बरं वाटलं.

मग माईककडे लक्ष गेलं. मी तो प्रेक्षकांकडे तोंड करून बांधला होता. तो उलटा फिरला होता. बाल्कनीकडे. वायरीला पीळ पडला की असं होतं. मी तो सरळ केला, दोन जादा गाठी मारल्या. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आत बघत होता. गाठी तशाच होत्या.

मी तो पुन्हा सरळ केला. दुसरं काय करणार?

४

त्याच वर्षी नोव्हेंबरात शेठनी मला कोथरूडला पाठवलं. एका सोसायटीत कोणाला तरी जुना अ‍ॅम्प्लिफायर विकायचा होता. तिसरा मजला. बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं. अनिरुद्ध नावाचे चाळिशीचे गृहस्थ होते, हातात दहीभाताची वाटी.

"साउंडवाले ना? या. जरा थांबा हं. अंतरा संपू दे."

आतून गाण्यासारखं काहीतरी येत होतं. गाणं नव्हे, गाण्याचा श्वास. स्वर गेलेला, फक्त हवा उरलेली. तरी चाल ओळखू आली. ते पद मी तीन वर्षांपूर्वी हेडफोनमध्ये ऐकलं होतं.

खोलीचं दार अर्धं उघडं होतं. हेमाबाई भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसल्या होत्या. ओठ हलत होते, बोटं मांडीवर ताल धरत होती. पद संपलं. त्यांनी मान वर करून छताचा कोपरा पाहिला. तेवढ्या वेळात नवऱ्यानं एक चमचा भात भरवला. त्यांनी गिळला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. त्या दोघांना त्या जागेचा इतका सराव झाला होता की एक शीत सांडलं नाही.

"निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून," अनिरुद्ध बाहेर येऊन म्हणाले. "आधी बरं वाटायचं. म्हटलं, बक्षिसाचा आनंद आहे, गाऊ दे."

"डॉक्टर?"

"एक म्हणाले, दमल्या की थांबतील. ते आता रिटायर झाले."

त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर खोक्यात भरला, वायर नीट घडी करून दिली. मग विचारलं, "तुम्हीच होतात ना त्या दिवशी माईकवर? ती म्हणायची, वरून कोणीतरी मागितलं आणि नियमामुळे तिला देता आलं नाही. तुम्हाला ऐकू आलं होतं का?"

मी नाही म्हणालो. का म्हणालो ते मला अजून कळलेलं नाही. जिना उतरताना मी स्वतःला सांगत होतो की माणसाचं डोकं कशानंही फिरतं. खाली आल्यावर आठवलं की माधवराव दुसऱ्याच वर्षी मुलीकडे बंगलोरला गेले होते, आणि ते आता भेटत नाहीत असं लोक म्हणायचे.

५

आणि डिसेंबरात माझी सख्खी बहीण घरी येऊन म्हणाली, "यंदा आमचं नाटक मंडळाच्या स्पर्धेला आहे. मुख्य भूमिका माझी."

अस्मिताताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. विहारात भीमगीतं म्हणत मोठी झाली. स्वारगेटला एका ऑफिसात दिवसभर डेटा एंट्री करायची आणि संध्याकाळी दुर्गाबाईंकडे गाणं शिकायला कोथरूडला जायची. मुंबईच्या एका नाटक कंपनीनं दुर्गाबाईंना कळवलं होतं की गायनाचं बक्षीस ज्या मुलीला मिळेल तिला ते दौऱ्यावर घेतील. ताईनं नोकरी सोडायचा अर्जसुद्धा लिहून ठेवला होता. फक्त तारीख टाकायची बाकी होती.

"ताई, यंदा नको," मी म्हणालो.

"का?"

"गायचंच असेल तर थोडं बेसूर गा. एका पदात. दुसऱ्या अंकातल्या."

ती हसली. मग हसायची थांबली. "चार वर्षं दोन बस बदलून मी कोथरूडला जाते. तिथल्या बायका अजून विचारतात, 'तुम्ही नक्की कुठल्या?' मी सांगते, बिबवेवाडीच्या. त्या म्हणतात, 'नाही, तशा कुठल्या?' त्यांच्यासमोर मी बेसूर गायचं?"

मी तिला हेमाबाईंचं सांगितलं. आवाजाचंही सांगितलं, अडखळत, जमिनीकडे बघत.

"त्या बाईला घरात कोणी गाऊ दिलं नसेल. म्हणून डोकं फिरलं असेल," ती म्हणाली. "आणि वरून कोणी वन्स मोअर म्हणालं तर मी वाकून नमस्कार करीन. खालून तर अजून कोणी म्हटलेलं नाही."

"ताई, मी खरं सांगतोय."

"तू खरंच सांगत असशील रे. पण तू मला घाबरवायला एवढं बोललास, आणि कौतुकाचं एक वाक्य बोलायला तुला कधी सुचलं नाही."

मी जेवायला बसलो. तिनं वाढलं, पण ताट जरा जोरात ठेवलं.

६

मग मी तात्यारावांना सांगायचं ठरवलं. ते मंडळाच्या कार्यकारिणीतल्या निम्म्या लोकांना अरे-तुरे करायचे. त्यांनी शब्द टाकला असता तर यंदापुरती स्पर्धा दुसऱ्या सभागृहात गेली असती. स्पर्धा सुरू होऊन आठवडा झाला होता. मी त्यांना टपरीवर गाठलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. चहा गार होऊ दिला. मला वाटलं, निदान एका माणसाला पटलं.

"म्हणजे," ते शेवटी म्हणाले, "निकाल तुला आधीच कळतो."

"तात्या, त्या बाईंचं काय झालंय बघा."

"ते वाईटच झालं. पण आवाज आला की तू मला खूण करायचीस. टोपी काढ."

"मी टोपी घालत नाही."

"मग घालायला लाग."

"तात्या, माझी बहीण आहे यंदा."

"अरे वा. मग तर घरचंच बक्षीस." त्यांनी गार चहा एका दमात संपवला. "हे बाकी कोणाला सांगू नकोस हं. नाहीतर सगळ्यांची पाकिटं सारखी येतील."

पुण्यात माणसाला खरं सांगणं म्हणजे पत्ता विचारण्यासारखं आहे. समोरचा ऐकून घेतो आणि तुम्हीच चुकलात एवढं सांगतो.

घरी जाताना बसमध्ये अनिरुद्धांचं वाक्य डोक्यात फिरत राहिलं. मागितलं आणि देता आलं नाही. माधवरावांनी नाही दिलं, हेमाबाईंनी नाही दिलं. नियम होता. जे तिथल्या तिथे मिळालं नाही ते घरी येऊन मागितलं जात असेल. मग उपाय साधा होता. मागितल्याबरोबर, त्याच जागेवर, त्याच दुपारी देऊन टाकायचं. ताई पद पुन्हा गायली तर गुण कापले जातील, बक्षीस जाईल, दौरा जाईल. पण ती जेवताना जेवेल आणि झोपताना झोपेल.

फक्त कोणीतरी खालून, सगळ्यांना ऐकू येईल असं ओरडायला हवं होतं. नियमाला भीक न घालणारा एक माणूस हवा होता. मी ओळखीतली माणसं आठवून पाहिली. असा एकही नव्हता.

७

ताईचं नाटक अकरावं. त्या दिवशी सकाळीच मी चार नंबरचा माईक कठड्यावरून सोडला, वायर गुंडाळली आणि दोन्ही पेटीत घालून पेटी टेबलाखाली ठेवली. पेटीवर पाय ठेवून बसलो.

दुसऱ्या अंकातलं पद यमनमधलं होतं. घरात भांडी घासताना ती ते इतक्या वेळा म्हणायची की मला त्याचा वीट आला होता. त्या दुपारी मात्र पहिल्या ओळीलाच पेन्शनर पुढे सरकून बसले. तिनं कुठे घाई केली नाही. माझा हात आवाजाच्या बटणावर होता आणि मला ते हलवावं लागलं नाही.

शेवटचा स्वर तिनं हळू सोडला.

"वन्स मोअर," हेडफोनमध्ये आवाज आला.

पायाखाली पेटी बंद होती. ताईनं मान वर केली. मीही केली. बाल्कनीत काळोख होता आणि कठड्यावर, खालच्या दिव्याचा उजेड पोचत होता तेवढ्या जागेत, चार बोटं होती. ती ताल धरत होती. पद संपलेलं, तबला थांबलेला, तरी ती चालू होती. पुढच्या खेपेचा ताल होता तो.

मी उभा राहिलो. जीभ टाळूला चिकटली होती. ती मी कशी सोडवली ते सांगता येणार नाही. डोळे मिटले आणि जन्मात ओरडलो नव्हतो तसा ओरडलो.

"वन्स मोअर."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. एक क्षण काहीच झालं नाही. मग तात्याराव उठले. त्यांना खूण मिळाली असं वाटलं, की इतक्या वर्षांचं तुंबलेलं बाहेर आलं, कोण जाणे. हात वर करून तेही ओरडले. मग त्यांचे सात जण. मग पूर्ण सभागृह. घड्याळवाला विंगेतून दोन्ही हात हलवत नको नको करत होता आणि त्याला कोणी विचारत नव्हतं.

ताई माझ्याकडे बघत होती. सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला मी उभा होतो आणि तिला माझा चेहरा दिसत होता. मी मुद्दाम केलं हे तिला कळलं. पण समोर दोनशे माणसं मागत होती. तिनं ऑर्गनवाल्याला मान हलवली आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी ती पहिल्यापेक्षा सुंदर गायली. रागानं गायली.

संपल्यावर मी हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबला. टाळ्या होत्या. बाकी काही नाही. वर कठड्यावर बोटं नव्हती.

८

नाटक सात मिनिटं वर गेलं. गुण कापले गेले. निकालाच्या दिवशी परीक्षकांनी ताईचं नाव घेऊन तोंडभर कौतुक केलं आणि नियम म्हणजे नियम असं सांगून बक्षीस पूर्वा नावाच्या मुलीला दिलं. मुंबईच्या कंपनीनं तिलाच घेतलं. दौऱ्यावर निघायच्या आधी त्या मुलीला मी मंडईत पाहिलं. भेंडी निवडून घेत होती, भाजीवाल्याशी घासाघीस करत होती, हसत होती. तिला कोणी काही मागितलं नव्हतं.

तात्यारावांच्या पाकिटात अस्मिता लिहिलेलं निघालं. "तुझ्यामुळे," ते मला म्हणाले. "आणि टोपी कुठे होती?"

ताई पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. अर्ज तिनं फाडून टाकला. ऑफिसला जायची, जेवायची, झोपायची. मी रात्री पडल्या पडल्या तिच्या खोलीकडे कान लावायचो. शांतता. मी तिचं आयुष्य बिघडवलं होतं आणि माझ्या मनातून समाधान जात नव्हतं.

माझा घसा बसला तो मात्र सुटला नाही. हळद-दूध झालं, गुळण्या झाल्या. "कधी न ओरडणारा माणूस ओरडला की असंच व्हायचं," मच्छिंद्रशेठ म्हणाले. अलीकडे ते मला गिऱ्हाइकांसमोर काउंटरवर बसू देत नव्हते. मागच्या खोलीत बस म्हणायचे. मी विचारलं नाही. घसा दुखत होता.

९

परवा दुपारी त्या मागच्या खोलीत मी ताईच्या नाटकाची सीडी कॉम्प्युटरला लावली. चार पट्ट्या समोर आल्या. चौथी सरळ रेघ. माईक पेटीत होता, तेव्हा ते बरोबरच होतं.

दुसरा अंक. यमन. शेवटचा स्वर. मी श्वास धरून बसलो.

आवाज आला नाही. रेघ सरळच राहिली. ताईच्या स्वरानंतर नुसती शांतता होती. चार सेकंद, पाच. मग पहिल्या तीन पट्ट्या एकदम उसळल्या. तो मी होतो. स्वतःचा आवाज ओळखायलाही मला वेळ लागला.

आणि माझं ओरडणं संपलं, तात्याराव उठायचे होते, त्या मधल्या जागेत चौथ्या पट्टीवर एक लहानसा उंचवटा होता.

"वन्स मोअर."

थोडी आमटी, तसं.

मी ते परत लावलं नाही. तिला मागितलंच नव्हतं, असं होऊ शकतं का? मी हेडफोनमध्ये ऐकलं होतं. बोटं पाहिली होती. ताईनं वर बघितलं होतं. वर बघितलं होतं ना?

तेवढ्यात दारात ताई उभी. ऑफिसमधून लवकर निघाली होती. पंधरा दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "शेठनी फोन करून बोलावलं. म्हणाले, येऊन घेऊन जा त्याला." मग पडद्याकडे बघून म्हणाली, "माझं आहे का ते? ऐकव."

मी तिला खुर्ची दिली. तिनं हेडफोन घातला. पद ऐकताना तिचा चेहरा हळूहळू सैल झाला. मला वाटलं, आता ती मला माफ करेल. मग ती दचकली आणि हसली.

"केवढ्यानं ओरडलास रे."

मी मान हलवली.

ती ऐकत राहिली. हसू तसंच होतं, पण डोळ्यांतून गेलं होतं. तिनं पडद्याकडे पाहिलं. सीडी संपली होती. चारही पट्ट्या थांबल्या होत्या. तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं, लहानपणी मला ताप चढला की बघायची तसं.

"बास," ती म्हणाली. "बास झालं आता तेच तेच. बाहेर लोक थांबलेत."

मी काहीच बोललो नव्हतो. तसं मी तिला सांगायला गेलो.

तिनं पुढे होऊन माझ्या तोंडावर हात ठेवला. घट्ट, दुसऱ्या हातानं डोकं मागून धरून. खोलीत एकदम शांत झालं, आणि तोपर्यंत खोली शांत नव्हती हे मला तेव्हा कळलं. ताईचा हात थंड होता. माझ्या ओठांवर तो वरखाली होत होता. ती हलवत नव्हती.